फाटकापलीकडचा नेपच्यून

सहावीच्या पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र बघितलं की माझं डोकं आजही तापतं. डाव्या बाजूला सूर्याची पिवळी कड आणि तिथून उजवीकडे आठ ग्रह एकमेकांना खेटून, एसटीच्या रांगेत उभे राहिल्यासारखे. शुक्राच्या काखेत पृथ्वी, मंगळाच्या मानगुटीवर गुरू. अंतराचा पत्ता नाही, आकाराचं भान नाही. आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचं, 'चित्र प्रमाणात नाही'. अरे, मग छापता कशाला?

मळवलीजवळच्या एका गावात मी भूगोल आणि विज्ञान शिकवते. गाव माझंच. मुलं ग्रहांची नावं एका दमात म्हणतात, बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून, आणि दम सोडतात. झाली सूर्यमाला. परीक्षेत दोन मार्कांना येते, दोन मार्क मिळतात.

त्या वर्षी एका मुलीनं हा दम मध्येच तोडला. वरच्या आळीतली मुलगी, शेतकऱ्याच्या घरची, बोलायला जरा फटकळ.

"बाई, गुरू पुस्तकात केवढा दिलाय. आन् पृथ्वीच्या इतका जवळ. मग आभाळात तो तांदळाच्या कणीएवढा का दिसतो?"

"तू पाहिलास गुरू?"

"आजीनं दाखिवला. मोठी चांदणी हाये, पण लुकलुकत न्हाई म्हनली. तिला नाव म्हाईत नव्हतं. नाव मी सांगितलं."

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. मुलीनं डोळ्यांनी पाहिलेलं आणि पुस्तकानं छापलेलं यांचा मेळ बसत नव्हता, आणि खोटं पुस्तक बोलत होतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की आपण आपली सूर्यमाला मांडायची. खऱ्या प्रमाणात. रस्त्यावर.

घरी येऊन हिशेब मांडला. आमच्या मांडवावर लाल भोपळा धरला होता, वीतभराहून थोडा मोठा. तो सूर्य धरला, तर पृथ्वी येते मोहरीच्या टपोऱ्या दाण्याएवढी. शुक्रही मोहरीच, जवळपास तेवढीच. बुध म्हणजे खसखशीचा कण. मंगळ राजगिऱ्याचा. गुरू, ज्याच्या पोटात हजारावर पृथ्व्या मावतील, तो एक सुपारी. शनी त्याहून जरा बारीक सुपारी, भोवती पुठ्ठ्याचं कडं. युरेनस आणि नेपच्यून दोन काबुली हरभरे. मी डबे उघडून सगळं ताटात काढत होते तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली.

"सुपाऱ्या कशापायी काढल्यास? नवग्रह मांडतीस का काय?"

"मांडतेय."

"आपल्यात कवा मांडलं न्हाईत. तुज्या आजोबांनी धर्म बदलला तवाच ते सगळं ओढ्यात सोडलं."

"ते नवग्रह वेगळे, आई. त्यांच्यात सूर्य-चंद्रही ग्रह म्हणून बसतात आणि राहू-केतू तर नुसते बिंदू. हे खरे ग्रह. हे कुणाच्या लग्नाला आडवे येत नाहीत."

"मग बरंय," आई म्हणाली आणि ताटातली एक जास्तीची सुपारी उचलून अडकित्त्यात धरली.

आकार झाले. अंतरं काढली आणि माझीच मला गंमत वाटली. भोपळा शाळेच्या फाटकाशी ठेवला, तर खसखस पडते बारा-एक मीटरवर. पृथ्वी तीस मीटरवर, हातपंपापाशी. मंगळ पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर. गुरूसाठी पार मोठ्या रस्त्याच्या वळणापर्यंत जावं लागत होतं. शनी दूधडेअरीशी. युरेनस ओढ्यावरच्या फरशीपुलावर. आणि नेपच्यून शाळेपासून नऊशे मीटरवर, डोंगराच्या पायथ्याकडे जाणाऱ्या पाणंदीत, काळ्या धोंड्याजवळ.

इथे माझी लेखणी थांबली. कारण तो धोंडा आता फाटकाच्या आत होता.

ही पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी जुनी वाट. बैलगाडी जाईल एवढी रुंद, दोन्ही बाजूंना निवडुंग आणि घाणेरी. आमच्या बौद्ध वस्तीची भातखाचरं तिच्या टोकाला. वडील पहाटे भातकापणीला निघायचे तेव्हा मी त्यांच्यामागे याच वाटेनं जायची, आणि पूर्वेला शुक्र असा चमकायचा की मला वाटायचं, डोंगरावर कुणीतरी बत्ती धरली आहे. काही वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंच्या जमिनी एका बंगल्यांच्या प्रकल्पानं घेतल्या. घेतल्या तर घेतल्या, विकणाऱ्यांनी विकल्या. पण मधली पाणंद कुणी विकली नव्हती, ती कुणाच्या मालकीचीच नव्हती. तरी एका सकाळी तिच्या तोंडावर लोखंडी फाटक उभं राहिलं. त्याला सोनेरी भाले, बाजूला पहारेकऱ्याची काचेची खोली, आणि आत विलायती गवत. आमच्या बायका तेव्हापासून ओढ्यातून, चिखलातून, दुप्पट वळसा घालून खाचरात जातात. डोक्यावर पेंढ्या घेऊन. कुणी विचारलं तर 'रस्ता बंद आहे' एवढंच उत्तर.

आणि त्या फाटकावरचा सुपरवायझर होता माझाच चुलतभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. मी त्याला फोन केला.

"शुक्रवारी सकाळी मुलं घेऊन येतेय. दहा मिनिटं धोंड्यापर्यंत जाऊ, हरभरा ठेवू, परत फिरू."

"हरभरा?"

"नेपच्यून."

तो हसला. "ये की आक्का. बगू."

मी त्या 'बगू'वर विसंबले.

शुक्रवारी सकाळी धुकं उतरल्यावर आम्ही निघालो. जानेवारीचा पहिला आठवडा होता, मुलांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. भोपळा शाळेच्या खांबाला सुतळीनं बांधला. मी सांगितलं, हा तारा आहे, बाकी सगळे याच्याभोवती फिरणारे. तराजूच्या एका पारड्यात हा आणि दुसऱ्यात सगळे ग्रह, चंद्र, धोंडे, धूळ घातली, तरी याचं पारडं जमिनीला टेकलेलंच राहील. पोरांनी भोपळ्याकडे जरा आदरानं पाहिलं.

खसखशीचा कण एका मुलीच्या बोटावर चिकटवला होता. बुधावर हवा जवळपास नाहीच, म्हणून दिवसा तवा आणि रात्री बर्फाहून थंड. पुढे शुक्र. हा सूर्यापासून लांब असूनही बुधापेक्षा तापलेला, कारण जाड ढगांची गोधडी त्यानं अंगावरून कधी काढलीच नाही. हातपंपापाशी पृथ्वी. मोहरीचा तो दाणा मी एका पोराच्या तळहातावर ठेवला तेव्हा सगळे गोळा झाले.

"बाई, यात आपलं गाव कुटंय?"

"दिसणार नाही. लोणावळा दिसणार नाही, पुणं दिसणार नाही, हिमालयसुद्धा हाताला लागणार नाही."

"आन् चंद्र?"

चंद्र म्हणजे त्या दाण्यापासून चार बोटांवर ठेवलेला रव्याचा कण. "माणूस आजवर जास्तीत जास्त एवढाच लांब गेलाय," मी चार बोटं दाखवली. मग मागे वळून भोपळा दाखवला. "आणि प्रकाश या मापात मुंगीच्या चालीनं चालतो. भोपळ्यापासून इथपर्यंत यायला त्याला आठ मिनिटं लागतात."

पोरं खरंच वाकून जमिनीवर मुंगी शोधायला लागली.

गिरणीच्या ओट्यावर राजगिऱ्याचा मंगळ. तिथली माती गंजलेल्या पत्र्याच्या रंगाची, हवा अगदी विरळ, थंडी मरणाची. गिरणीवाल्यानं स्वतःहून चिमूटभर पीठ दिलं, ते आम्ही पुढच्या रस्त्यावर उधळलं, मंगळ आणि गुरूच्या मधले लघुग्रह म्हणून. हे असे दगडधोंडे लाखोंनी फिरतात, त्यांचा कधी ग्रह झालाच नाही. मग तोवर चाललो त्याच्या दुपटीहून जास्त नुसतंच चालणं. मुलं कंटाळली, कुरकुरली, आणि मला तेच हवं होतं. पुस्तक जे लपवतं ते हेच, की मध्ये काही नाही. गुरू आला तेव्हा भोपळा झाडांमागे नाहीसा झाला होता. गुरूवर पृथ्वीहून मोठं वादळ शेकडो वर्षं घोंगावतंय, आणि त्याच्याभोवती चंद्रांची मोठी फौज. डेअरीशी शनी. त्याचं कडं अखंड नाही, बर्फाच्या आणि दगडाच्या तुकड्यांचा तो फिरता पसारा आहे, हे ऐकून डेअरीत दूध घालायला आलेला एक म्हातारा म्हणाला, "आमच्या राशीला लागला तवा एवढाच हुता का रं हा?" सगळे खदखदून हसले. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

ओढ्यावर युरेनस ठेवला, कुशीवर आडवा होऊन फिरणारा ग्रह. उरला नेपच्यून. तो त्या फटकळ मुलीच्या हातात होता. सकाळपासून तिनं तो हरभरा मुठीत धरून ठेवला होता, घामानं ओला झाला होता.

फाटकाशी पोचलो. पहारेकऱ्यानं 'बाहेरच्यांना आत सोडत नाही' म्हणत हात आडवा केला. मी भावाला बोलावलं. तो आला, निळा गणवेश, कमरेला वॉकीटॉकी, आणि माझ्याकडे न बघता मुलांकडे बघत म्हणाला,

"आक्का, आज न्हाई जमायचं. गेस्ट हायेत आत."

"मी तुला फोन केला होता."

"व्हय, पन म्यानेजरसायबांची परवानगी पायजे. एवढी पोरं आत सोडली तर माजी नोकरी जाईल."

"ही वाट कुणाची आहे? तुला माहीत नाही? तुझी आई याच वाटेनं खाचरात जायची."

"आक्का, मला नगं शिकवू. पोरांसमोर नगं."

तेवढ्यात बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाडीतून मॅनेजर आला. तरणा, हसतमुख, बोलायला गोड. त्याचा गोडवाच मला आधी झोंबला. म्हणाला, "मॅडम, खूप छान उपक्रम. वुई लव्ह दिस. पण असं अचानक नाही ना. प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे. आमचे गेस्ट शांततेसाठी येतात."

"ही प्रायव्हेट नाही. ही पाणंद आहे."

"ते तुम्ही आमच्या लीगलशी बोला." मग त्याला काहीतरी सुचलं. "असं करा ना, शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे स्टारगेझिंग असतं. दुर्बीण आहे, एक्स्पर्ट येतात. शनीची कडी दाखवतो आम्ही गेस्टना. तुमची आठ-दहा मुलं पाठवा, युनिफॉर्ममध्ये. सुरुवातीला लेझीम वगैरे करतील, मग दुर्बिणीतून बघतील. फोटोपण होतील."

  याच गवतावर, माझ्या वडिलांच्या वाटेवर दुर्बीण लावून हे मुंबईच्या पाहुण्यांना शनी दाखवणार, आणि आमच्या पोरांनी तो बघायचा असेल तर आधी नाचून दाखवायचं. वर त्यांचे ते रंगीत दिवे, झाडाझाडांना गुंडाळलेले, डोंगरावर मारलेले झोत. आमच्या वस्तीवरून पूर्वी आकाशगंगेचा पट्टा दिसायचा, आता या दिव्यांमुळे तो धुऊन निघालाय. आभाळ यांनीच पुसलं आणि उरलेलं तिकीट लावून विकताहेत.

"मुलं लेझीम खेळतील," मी म्हणाले, "पण शाळेच्या मैदानात. तुमच्या पाहुण्यांना यायचं असेल तर या. फोटो काढू देणार नाही."

तो हसला. मागे एका गाडीनं हॉर्न वाजवला, आत कुणीतरी कुटुंब खोळंबलं होतं. माझ्या भावानं मुलांना हातानं बाजूला सारलं. सारलं म्हणजे ढकललं नाही, पण मेंढरं सारतात तसं सारलं. फाटक उघडलं, गाडी आत गेली, फाटक बंद झालं. मुलं बघत होती. त्या क्षणी मी माझ्या सख्ख्या काकाच्या मुलाला जे बोलले, ते इथे लिहीत नाही. मुलांनी ऐकलं, त्याचं मला वाईट वाटत नाही.

मुलीनं विचारलं, "बाई, मग नेपच्यून कुटं ठेवू?"

"ठेवू नको. घरी घेऊन जा."

 दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. सरांचा स्वभाव वाईट नाही, पण त्यांना कुणाचंच मन मोडवत नाही, आणि अशा माणसांकडून शेवटी दुबळ्याचंच मोडतं. त्यांच्या टेबलामागे नवा पाण्याचा फिल्टर होता, प्रकल्पानं दिलेला, वर त्यांचं बोधचिन्ह.

"बाई, तिकडून फोन आला होता. तुम्ही गेटवर आवाज चढवलात म्हणे."

"चढवला."

"आपल्याला ते बाकं देणार आहेत. जुळवून घ्या जरा. नेपच्यून काय, ओढ्याच्या अलीकडेही ठेवता आला असता. मुलांना काय कळणार होतं?"

"सर, हेच तर पुस्तक करतं," मी म्हणाले. "जागा नाही म्हणून ग्रह अलीकडे ओढतं. सूर्याभोवती एक फेरी मारायला नेपच्यूनला दीडशेहून जास्त वर्षं लागतात, ती एवढी लांब आहे म्हणून. त्याला मी बाकांसाठी अलीकडे ओढू?"

"तुम्ही चिडलात की तुमच्याशी बोलता येत नाही."

"मग बोलू नका," म्हणून मी उठून आले. वर्गात जाऊन खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, नेपच्यून, नऊशे मीटर.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी पाणंदीचा विषय मांडला. मंडपात पहिल्या रांगेत गावातली जमीनदार मंडळी, आमची वस्ती नेहमीसारखी कडेला. मी बोलले.  मग पुढच्या रांगेतले एक आबा म्हणाले, "बाई, खरं हाये तुमचं. पन त्या वाटेनं जातं कोन? तुमच्याच वस्तीचा रस्ता त्यो. आमची शेतं वरच्या अंगाला. तुमी तुमचं बगा की त्यांच्यासंगं."

हे मी ऐकलेलं नव्हतं असं नाही. पण तिरंग्याखाली उभं राहून ऐकायचं म्हणजे निराळं. तीन वर्षं फाटक का टिकलं, ते मला त्या वाक्यात लख्ख कळलं. रस्ता गावाचा असता तर एका रात्रीत उखडला असता. रस्ता आमचा होता, म्हणून तो कुणाचाच नव्हता. माझा भाऊ शेवटच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. तोही आमच्याच वस्तीचा. 

मी पुन्हा उभी राहणार तोच बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली. वरच्या आळीतली, त्याच फटकळ मुलीची आजी. अंगावर शाल, पायात स्लीपर. तिनं माईक घेतला नाही.

"माजी नात मुठीत हरभरा घिऊन घरी आली. दोन दिस जेवली न्हाई नीट. म्हनली, आजी, गुरू ठेवला, शनी ठेवला, ह्या एकाला आत सोडंनात. का गं, इचारलं, तर म्हनली, ते गेटवाले म्हनत्यात तुमी हितले न्हाई." ती आबांकडे वळली. "आबा, माजी नात हितली न्हाई व्हय? आज त्यांच्या वस्तीची वाट बंद केली, उद्या आपल्या वाटंवर आनतील दिवं आन् गवत. तवा कुनाला बोलवायचं? या बाईलाच बोलवाल ना अर्ज लिवायला?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळी वाजवली. आबा खाकरले. आमच्या बायका उठल्या, मग वरच्या आळीच्याही उठल्या. मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. झाला थोडा. पण जास्त राग आला, की एवढं साधं ऐकायला यांना आपल्याच आळीतली म्हातारी लागते. माझं बोलणं होतं तेच, शब्दही थोडेफार तेच. ठराव झाला, पाणंद मोकळी करावी.

नंतर तालुक्याच्या गावाहून, वडगावहून, मोजणीचे लोक आले, नकाशा पसरला, साखळी ओढली. पाणंद नकाशावर आहे, यात कुणालाच शंका नव्हती. प्रकल्पानं हरकत घेतली. तारखा पडायला लागल्या. मधल्या काळात मॅनेजरनं समंजसपणा दाखवायचा म्हणून मोठ्या फाटकाला बाजूनं एक छोटं दार पाडलं, एक माणूस वाकून जाईल एवढं. त्यावर पाटी, 'फक्त स्थानिक शेतकऱ्यांसाठी'. आमच्या बायका आता डोक्यावरचा भारा खाली उतरवून, वाकून त्या दारातून जातात, आणि आत गेल्यावर पुन्हा डोक्यावर घेतात. ओढ्यापेक्षा बरं, असं त्या म्हणतात. मी म्हणत नाही.

पुढच्या वर्षी नव्या सहावीला घेऊन मी त्या दारातून गेले. सातवीतली ती मुलगी मधली सुट्टी असल्याचं सांगून आमच्यात घुसली. नसलेली मधली सुट्टी मी मान्य केली. पहारेकरी डोकी मोजत होता, मोजू दिली. धोंड्याशी पोचलो. वाऱ्यानं हरभरा उडू नये म्हणून तिनं खाली चिकणमाती लावली. मी सांगितलं, हा निळा, थंड, वादळी ग्रह, इथे सूर्य म्हणजे फक्त एक झगझगीत ठिपका. भोपळ्यापासून निघालेली आपली मुंगी इथे यायला चार तास घेईल.

"यापुढं काय हाये?" कुणीतरी विचारलं.

"प्लुटो, आमच्या लहानपणी तो ग्रह होता, आता बटुग्रह. त्याच्यासारखे आणखी गोठलेले गोळे. आणि धूमकेतू, बर्फाचे आणि धुळीचे. ते पार तिथून, डोंगराच्या मागून सूर्याकडे येतात, शेपटी काढतात आणि परत जातात."

"आन् दुसरा भोपळा?"

"जवळात जवळचा दुसरा भोपळा लंडनच्याही पलीकडे."

मुलं डोंगराकडे बघत राहिली. बाजूच्या बंगल्याच्या गॅलरीतून एक बाई मोबाइलनं आमचं चित्रण करत होती. मी ओरडून तिला थांबवलं. तिनं थांबवलं, पण तोंड वाकडं करून. मुलांना मोकळेपणानं बघायला मिळालं असतं तर मी ओरडले नसते, आणि बघा ना, नेपच्यूनच्या दारातसुद्धा मला वर्गशिक्षिकेपेक्षा राखणदारच व्हावं लागलं. माझ्या चिडण्याची लोक थट्टा करतात. चिडणं संपवायचं असेल तर कारण संपवावं.

माझ्या भावाची बदली कंपनीनं तळेगावच्या साइटवर केली. गावातला माणूस गेटवर नको, असं त्यांना वाटलं असणार. गेल्या महिन्यात माझ्या आईला बरं नव्हतं म्हणून तो आमच्या घरी आला. खाटेजवळ बसला, आईचे पाय चेपले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"तुज्या त्या हरभऱ्यापायी मला रोज पहाटे तळेगावची लोकल धरावी लागती."

"तुझ्या त्या फाटकापायी आई तीन वर्षं ओढ्यातून गेली," मी म्हणाले. "तिचे गुडघे बघ. तू आत्ता चेपतोयस तेच."

 आई डोळे मिटून पडली होती, पण जागी होती, तिचे ओठ हलले. मी त्याला चहा दिला. त्यानं घेतला. मी माफी मागितली नाही, त्यानंही नाही.

पुढच्या सोमवारी वडगावला पाणंदीची तारीख आहे. आई म्हणते, बरं वाटलं तर तीही येणार.